चक्र परत गेल्यावर माणसांचं काय करायचं?

जानेवारी १९९१ मध्ये आयएनएस चक्र ही पाणबुडी सोव्हिएत संघाला परत गेली. तीन वर्षांचा भाडेकरार संपला होता. भारतीय नौदलाने वापरलेली ही पहिली अणुपाणबुडी. पुढची ताब्यात आली ती थेट २३ जानेवारी २०१२ रोजी. तीही भाड्याचीच, आणि तिचंही नाव चक्रच. मधली एकवीस वर्षं नौदलाकडे अणुपाणबुडी चालवायला शिकलेली माणसं होती, पण चालवायला बोट नव्हती.

तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे मी जी प्रकरणं ठेवतो, त्यांतलं हे एक. मुलं पेडणे, डिचोली, सत्तरीकडची, आणि काही हद्दीपलीकडची, दोडामार्ग-सावंतवाडीची. घरात कोंकणी किंवा मालवणी, शाळा मराठी, परीक्षा इंग्रजीत. गोव्यात नौदल म्हटलं की यांना दाबोळीची धावपट्टी आठवते आणि सकाळच्या वेळी प्रवासी विमानं का थांबवतात याची तक्रार आठवते. मांडवीपलीकडे वेरेंला नौदलाचं युद्ध महाविद्यालय आहे. ते २०११ मध्ये मुंबईजवळच्या करंजाहून इथे आलं आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या 'चोला' या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, पण तिकडे यांच्यातलं कुणी कधी फिरकलेलं नसतं. तिथे वरिष्ठ अधिकारी डावपेचांचा विचार करतात. आमचा वर्ग त्याच्या चार पायऱ्या खाली बसतो: पंप कोण बघणार, त्याला कोण शिकवणार, आणि शिकवलेला माणूस पंप नसताना काय करणार.

मुलांना दिलेला प्रश्न

फेब्रुवारी १९९१. तुम्ही नौदलाच्या मनुष्यबळ विभागात आहात. चक्रवर शिकलेले अधिकारी आणि नौसैनिक समोर आहेत. त्यांना घडवायला बरीच वर्षं गेलेली आहेत. बोट येण्याआधीच ही मंडळी सोव्हिएत संघात जाऊन शिकली, रशियन भाषेतल्या सूचनापट्ट्या वाचायला शिकली. मग कॅप्टन आर. एन. गणेश यांच्या हाताखाली त्यांनी ही एका अणुभट्टीची, एका पंख्याची बोट चालवली. सोबत सोव्हिएत तज्ज्ञ असत. आता बोट गेली. स्वदेशी अणुपाणबुडीचा प्रकल्प कागदावर आणि काही कारखान्यांत चालू आहे, पण ती पाण्यात कधी उतरेल हे तुम्हाला ठाऊक नाही.

दुसरीकडे डिझेल पाणबुड्यांचा ताफा माणसं मागतो आहे. १९८६ पासून पाचेक वर्षांत सोव्हिएत बनावटीच्या सिंधुघोष वर्गाच्या आठ पाणबुड्या येत आहेत. जर्मन बनावटीच्या दोन आल्यात, आणखी दोन माझगाव गोदीत बांधून होत आहेत. प्रत्येक बोटीला अनुभवी हात हवेत, आणि तुमच्याकडे असे हात मोकळे आहेत.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळी मुलं एकच उत्तर देतात: डिझेलवर पाठवा, बोट आली की परत बोलवा. उत्तर चुकीचं नाही. अर्धवट आहे. का, ते समजायला आधी भट्टी समजावी लागते, म्हणून इथे मी मुद्दाम थांबतो.

बंद केलं तरी बंद होत नाही

डिझेल-विद्युत पाणबुडीत कप्तानाच्या डोक्यात चोवीस तास बॅटरीचा हिशेब चालतो. वेगाने पळालं तर काही तासांत बॅटरी उतरते, मुंगीच्या पावलाने गेलं तर काही दिवस निघतात. मग स्नॉर्केलची नळी पाण्यावर काढून इंजिनं चालवायची आणि बॅटरी भरायची. दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर २०२२ पासून पाणबुड्या शोधणाऱ्या पी-८आय विमानांची एक तुकडी आहे. अशी विमानं जगभर याच क्षणाची वाट पाहत समुद्रावर घिरट्या घालतात. म्हणून डिझेलवाल्याची पहिली सवय अशी: धोका दिसला की जे जे बंद करता येईल ते बंद करायचं आणि गप्प पडून राहायचं. बॅटरीवर चालणारी चांगली डिझेल बोट अणुबोटीपेक्षाही शांत असू शकते, ते याच सवयीमुळे.

अणुबोटीला ही सवय तशीच चालत नाही. भट्टीतले नियंत्रक दांडे आत ढकलले की साखळी प्रक्रिया थांबते, पण आधी झालेल्या विखंडनातून उरलेले पदार्थ किरणोत्सर्ग करत राहतात आणि त्याची उष्णता निघत राहते. बराच काळ पूर्ण शक्तीवर चाललेली भट्टी थांबवली, तर त्या क्षणी मूळ शक्तीच्या साधारण सहा-सात टक्के उष्णता येतच असते. तासाभराने ती एक-दीड टक्क्यावर येते, दिवसाने सुमारे अर्ध्या टक्क्यावर. अरिहंत या आपल्या पहिल्या स्वदेशी अणुपाणबुडीची भट्टी ८३ मेगावॅटची असल्याचं प्रसिद्ध आहे. फळ्यावर गुणाकार केला की मुलांचे चेहरे बदलतात. थांबवल्या क्षणी पाच मेगावॅटच्या पुढे, आणि दुसऱ्या दिवशीही चारशे किलोवॅटच्या आसपास. म्हणजे एका बंदिस्त नळकांड्यात बाथरूमचे दोनशे गिझर एकदम चालू, आणि बटण बंद.

ही उष्णता बाहेर काढायला पाणी फिरतं ठेवावं लागतं. पंपाला वीज लागते. धक्क्याला लागलेल्या बोटीलाही किनाऱ्यावरून वीज आणि थंड करणारं पाणी यांची सोय पक्की हवी, आणि ती तुटली तर दुसरी, आणि तिच्यामागे तिसरी. डिझेल बोट धक्क्याला लावून पहाऱ्यापुरती माणसं ठेवता येतात. अणुबोटीत कुणीतरी जाणता माणूस कायम जागा असावा लागतो.

या तासाला मी चिखलीत राहणाऱ्या नौदलाच्या एका निवृत्त आर्टिफिसरना, म्हणजे यंत्रं सांभाळणाऱ्या तांत्रिक नौसैनिकाला, बोलावतो. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, सगळी नोकरी डिझेल पाणबुड्यांच्या इंजिनरूममध्ये गेली. मुलं त्यांना काका म्हणतात. वर्गात कुणी ना कुणी विचारतंच.

"काका, धक्क्यावर भट्टी बंद केली की मग लिबर्टी, म्हणजे किनाऱ्यावर जायची सुट्टी, मिळते ना?"

"मिळते की. पण पंपाला कोण लिबर्टी देणार? तो तिथेच. त्याच्याजवळ एक माणूस तिथेच. आणि त्या माणसाला कंटाळा येणं हा त्या बोटीवरचा सर्वांत मोठा बिघाड."

काका अणुबोटीवर कधी नव्हते आणि ते तसं सांगूनही टाकतात. पण कंटाळ्याचं त्यांचं म्हणणं मला पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांहून जास्त कामाचं वाटतं. अणुतज्ज्ञ नौसैनिक घडवायचा म्हणजे त्याला भौतिकशास्त्र शिकवायचंच, पण काहीच होत नसलेल्या चार तासांत दर ठरावीक वेळाने तोच काटा, तेच तापमान, तीच नोंद, तितक्याच गंभीरपणे घेण्याची सवयही त्याच्या अंगात मुरवायची. सवय वापरात नसली की जाते. डिझेलवर पाच-सात वर्षं काढलेला माणूस परत आला, तर भौतिकशास्त्र आठवेल. 'धोका दिसला, बंद कर' ही जुनी सवयही तेवढ्याच जोरात आठवेल.

मधली वर्षं

तेव्हाची उपलब्ध माहिती एकत्र ठेवली की दिसतं ते असं. चक्रचे कप्तान गणेश पुढे व्हाइस अॅडमिरल झाले आणि स्वदेशी अणुपाणबुडी प्रकल्पाचे प्रमुख म्हणूनही त्यांनी काम पाहिलं. म्हणजे बोट चालवलेला माणूस बोट बांधणाऱ्यांच्या टेबलाशी बसला. हा निर्णय माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा. रेखाचित्र काढणाऱ्याला झडप कुठे बसते ते माहीत असतं. मध्यरात्री, बोट तिरकी असताना, त्या झडपेपर्यंत हात पोचतो का हे चालवलेल्यालाच माहीत असतं.

पण अधिकारी टेबलाशी बसू शकतो. पंपाजवळच्या नौसैनिकाचं काय? त्याला खरा पंप हवा.

तो पंप आला तमिळनाडूतल्या कल्पक्कमला. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने पाणबुडीच्या भट्टीचं जमिनीवरचं प्रारूप उभारलं. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यात साखळी प्रक्रिया सुरू झाली आणि सप्टेंबर २००६ पासून ते पूर्ण चालू झालं. चक्र गेल्यापासून तेव्हापर्यंत बारा वर्षं उलटली होती. या बारा वर्षांत शिकलेलं वहीत, आठवणीत आणि आराखड्यात होतं, हातात नव्हतं. २००३ नंतर मात्र नव्या पिढीला वाफ, दाब, काटे आणि तो कंटाळा प्रत्यक्ष मिळू लागला.

अमेरिकेनेही हेच केलं होतं. जगातली पहिली अणुपाणबुडी नॉटिलस १७ जानेवारी १९५५ रोजी अणुशक्तीवर निघाली. तिच्या भट्टीचं जुळं भावंड मात्र मार्च १९५३ मध्येच आयडाहोच्या ओसाड माळरानावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, चालू झालं होतं. चुका करायच्या त्या माळावर.

हे सांगताना मी गोव्याकडे वळतो, कारण इथे याचं ठळक उदाहरण डोळ्यांसमोर आहे आणि मुलांना ते माहीत नसतं. दाबोळीला हंसा तळावर जमिनीवर बांधलेली विमानवाहू नौकेच्या डेकची नक्कल आहे: पुढे वर उचललेली चढण आणि मागे विमान अडवणारे दोर. २० डिसेंबर २०१४ रोजी नौदलाच्या तेजसने तिथल्या चढणीवरून पहिली झेप घेतली. १३ सप्टेंबर २०१९ रोजी ते तिथल्या दोराला अडकून थांबलं. ११ जानेवारी २०२० रोजी ते खऱ्या विमानवाहू नौकेवर, विक्रमादित्यवर, उतरलं. जमिनीवर जमल्यानंतर समुद्रावर जमायला चार महिनेही लागले नाहीत.

आणखी एक धागा. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर नौदलाचे अभियंते घडतात. तिथे एप्रिल २०१९ मध्ये 'अभेद्य' नावाची प्रशिक्षण सोय सुरू झाली. अणु, जैविक आणि रासायनिक हल्ल्यात जहाजावर काय करायचं याचा सराव तिथे खऱ्यासारख्या परिस्थितीत होतो. त्याआधी हे बरंचसं वर्गात तोंडी शिकवलं जायचं. ती सोय उभारली वास्कोच्या गोवा शिपयार्डने. आमच्या मुलांपैकी कुणी उद्या शिपयार्डात लागला, तर पाणबुडीत पाऊल न ठेवताही तो या साखळीतला असेल.

जिथे जमीन ठेवली नाही

याच काळात मुंबईत काय झालं ते शेजारी ठेवून पाहिलं पाहिजे. माझगाव गोदीने जर्मन आराखड्यावरून शल्की ही डिझेल पाणबुडी बांधली, ती १९९२ मध्ये नौदलात आली. शंकुल १९९४ मध्ये आली. पाणबुडीच्या दाबकवचाचं जोडकाम ही फार नाजूक विद्या; ती गोदीतल्या वेल्डरांनी कमावली. पुढचं काम मात्र आलंच नाही. फ्रेंच आराखड्याच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला आणि पहिली बोट, कलवरी, डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली. दोन बोटींमध्ये तेवीस वर्षं. इथेही एकवीसच्या जवळपास जाणारा आकडा आहे, पण मध्ये कल्पक्कमसारखं काही नव्हतं. कमावलेला हात निवृत्त झाला, आखातात गेला किंवा साध्या जहाजांच्या कामाला लागला.

वर्गात यावर दरवेळी वाद होतो. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत हे मान्य. गोदीला मागणी नसताना माणसं सांभाळायला कोण पैसे देणार? प्रश्न रास्त आहे. पण पुन्हा शिकण्याचा खर्चही कुणीतरी भरतोच, फक्त तो 'विलंब' या नावाखाली लिहिला जातो.

जमिनीवर जे शिकता येत नाही

कल्पक्कमची बाजू इतकी लावून धरल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसरी चक्र म्हणजे रशियाची नेर्पा. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात तिची चाचणी चालू असताना आग विझवणारी वायुयंत्रणा अचानक सुटली आणि वीस जण गुदमरून मेले. बोटीवर २०८ माणसं होती, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. बरीचशी गोदीची नागरी मंडळी. भट्टीला काहीही झालं नव्हतं.

अणुपाणबुडी म्हटलं की सगळ्यांची नजर भट्टीवर खिळते. मृत्यू शेजारच्या नळीतून येतो. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची थ्रेशर १२९ माणसांसह बुडाली. सर्वमान्य अंदाज असा की खाऱ्या पाण्याच्या नळीचा जोड गेला, पाणी आत शिरलं, वीज बिघडून भट्टी आपोआप बंद पडली, आणि वर यायला लागणारा जोर वेळेत मिळाला नाही. त्यानंतर अमेरिकेने नळ्या, जोड आणि झडपा यांच्या प्रत्येक तुकड्याचा कागदोपत्री माग ठेवण्याची कडक पद्धत बसवली. बंद पडलेली भट्टी लवकर परत चालू करण्याच्या नियमांचाही फेरविचार झाला. हे सगळं खोल पाण्यात घडतं. माळरानावरच्या भट्टीत पाय घसरत नाही, बोट नाकावर जात नाही, कान दडपत नाहीत.

म्हणून २०१२ ची चक्र आवश्यक होती. अरिहंतचं जलावतरण २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला झालं, तिची भट्टी ऑगस्ट २०१३ मध्ये चालू झाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ती गाजावाजा न करता नौदलात आली. या वर्षांत माणसांना एका बाजूला कल्पक्कम आणि दुसऱ्या बाजूला खऱ्या समुद्रातली चक्र असे दोन्ही मिळाले. जमीन आणि पाणी एकाच वेळी हाताशी असण्याचा काळ आपल्याला पहिल्यांदा तेव्हाच लाभला.

दुसरी पोकळी

२०२१ मध्ये दुसरी चक्रही परत गेली. मार्च २०१९ मध्ये आणखी एका रशियन बोटीचा तीन अब्ज डॉलरहून मोठा करार झाला होता, ती २०२५ मध्ये यायची होती. तारीख पुढे गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने दोन स्वदेशी अणुशक्तीच्या हल्लेखोर पाणबुड्यांना मंजुरी दिली. त्यांतली पहिली २०३६-३७ च्या सुमारास मिळेल असं नौदलप्रमुख अॅडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी त्या डिसेंबरात सांगितलं.

ही पोकळी १९९१ सारखी नाही. अरिहंत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली अरिघात समुद्रात आहेत. भट्टीची सवय जिवंत आहे. निसटतं आहे ते वेगळंच. अरिहंतचं काम क्षेपणास्त्रं घेऊन कुणालाही न सापडता दडून राहण्याचं. हल्लेखोर पाणबुडीचं काम पाठलाग करण्याचं, दुसऱ्याच्या शेपटीला लागण्याचं, वेगाने जागा बदलण्याचं. भट्टीचा अभियंता एका बोटीवरून दुसरीवर थोड्या शिक्षणाने जाईल. कप्तानाची शिकारी नजर मात्र लपण्याच्या गस्तीत तयार होत नाही. ती २०२१ पासून थंडावते आहे, असं माझं मत. काका म्हणतात, मी अधिकाऱ्यांचं जरा जास्तच कौतुक करतो.

फळ्यावर एक साधी वजाबाकी करतो. अशा बोटीच्या कप्तानाला पंधराएक वर्षांची सेवा हवी. म्हणजे २०३७ चा कप्तान आज नौदलात आहे, तरुण अधिकारी म्हणून. त्याचा अभियंता केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीत असेल. आणि पंपाजवळचा नौसैनिक? आज दहावीत असलेलं पोर. "म्हणजे माझा धाकटा भाऊ," असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं आणि वर्ग हसतो.

नवं तंत्रज्ञान याच माणसांच्या वाट्याला येतं, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. अंबरनाथच्या नौदल साहित्य प्रयोगशाळेने बनवलेली, हवेशिवाय वीज देणारी इंधनघट यंत्रणा मार्च २०२१ मध्ये सिद्ध झाली. तीही आधी जमिनीवरच. ती कलवरी वर्गाच्या बोटींत बसवण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव गोदीशी १,९९० कोटींचा करार झाला. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' नावाचं छोटं, स्वतःहून पाण्याखाली फिरणारं यंत्र बनवलं, ते नौदलासाठी नाही, समुद्राच्या अभ्यासासाठी. पण उद्या पाणबुडीतून अशी यंत्रं सोडायची तर ती सांभाळणारा माणूस कोण? बोटीचं आयुष्य तीस वर्षांचं, त्या यंत्रातली आज्ञावली दोन-तीन वर्षांत जुनी. इंधनघट, अणुभट्टी, मानवरहित यंत्रं, सगळ्यांना माणसं लागणार ती पाणबुडी शाखेत स्वेच्छेने येणाऱ्या त्याच थोड्या मुलांतून. शिवाय क्षेपणास्त्रवाल्या अणुबोटीला इतर देशांत दोन-दोन चमू ठेवतात, एक समुद्रात, एक किनाऱ्यावर.

ऑस्ट्रेलिया आज नेमकी आपली १९८० च्या दशकातली पायरी चढतो आहे. त्यांचे पहिले तीन अधिकारी जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स्टन इथल्या नौदल अणुशाळेतून बाहेर पडले. त्यांच्या बोटी २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला यायच्या आहेत, आणि तोवर त्यांची माणसं अमेरिकी बोटींवर काम करत राहतील. पोकळीच ठेवायची नाही, असा तो बेत आहे. पैसा आणि मित्रदेश दोन्ही असतील तर जमतं.

वर्गाचं उत्तर

या वर्षी दोडामार्गच्या एका मुलीने दुसऱ्या फेरीत मांडलेला तोडगा मला आवडला. चक्रच्या माणसांचे तीन गट करायचे. एक प्रकल्पात, एक शिकवायला, एक डिझेल बोटीवर, आणि दर दोन वर्षांनी जागा बदलायच्या. म्हणजे कुणीच पूर्ण विसरत नाही आणि डिझेलच्या ताफ्यालाही हात मिळतात.

काकांनी लगेच खोड काढली. "बाय, शिकवायला बसलेल्याचा पाणबुडी भत्ता जातो. समुद्रावरचे दिवस भरत नाहीत, बढती अडते. विशाखापट्टणमहून कल्पक्कम, तिथून मुंबई. दर दोन वर्षांनी पोरांची शाळा बदल. बायको काय म्हणेल?"

"मग शिकवण्याचे दिवस समुद्रावरचे धरा ना, काका. नियम आपणच करतोय."

"धरले, तर जो खरोखर समुद्रावर आहे तो चिडतो."

यावर वर्गात एकमत झालं नाही. प्रश्नपत्रिकेच्या जोडपत्रात आता भत्त्याचा आणि बढतीचा नियम मी लिहून दिला आहे. पुढच्या तुकडीला तो बदलायची मुभा आहे, मात्र कुणाचा भत्ता कापून कुणाला दिला ते तक्त्यात दाखवावं लागेल.